रॅकेट त्याची, खांदा माझा!

"बजेट किती आहे, दादा?"

दुकानदारानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि खरं सांगू का, शेवटचाही. मी आकडा सांगितला, त्यानं त्या आकड्याच्या जरा वरची रॅकेट काउंटरवर ठेवली. काळीकुट्ट, मॅट फिनिश, फ्रेमवर एक लाल रेघ. मी ती उचलली, हवेत एकदा फिरवली. 'स्स्स' असा आवाज आला. झालं! रॅकेट विकली जायच्या आधी मीच विकला गेलो होतो.

मी सिंगल्स खेळतो की डबल्स, मागे उभा राहतो की नेटवर, आठवड्यातून किती वेळा खेळतो, खांदा-कोपर कधी दुखतं का... यातलं काहीच त्यानं विचारलं नाही. पण त्याला एकट्याला काय बोलायचं? मी तरी स्वतःला कुठं विचारलं होतं? मी फक्त रील्स पाहिले होते. उडी मारून स्मॅश ठोकणारे, स्लो मोशनवाले.

पैसे माझे होते. वाळूजला अप्रेंटिसशिप करत होतो आणि स्टायपेंडमधून सहा महिने थोडे थोडे बाजूला काढले होते. आई म्हणाली, "एवढ्यात नवा कूलर आला असता." महिना मे. संभाजीनगरचा मे. ज्यांनी तो काढलाय त्यांना या वाक्याचं वजन कळेल. तरी मी रॅकेट घेतली.

पहिल्या आठवड्यात सगळे विचारायचे, "बघू, बघू!" दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की माझा टॉस बेसलाइनपर्यंत जातच नाहीये. जुन्या दीड हजाराच्या रॅकेटनं आरामात जायचा तो आता अर्ध्या कोर्टात पडत होता आणि समोरचा त्यावर मनसोक्त तुटून पडत होता. डिफेन्सला तर रॅकेट वळायच्या आत शटल मागे पडलेलं. मग मी काय केलं? जोर वाढवला. तिसऱ्या आठवड्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आंघोळीची बादली उचलताना कळ जायची. फिजिओनं पहिलाच प्रश्न केला, "नवीन काय सुरू केलंत?" सहा आठवडे खेळ बंद. त्यातल्याच तिसऱ्या आठवड्यात आंतरकंपनी स्पर्धेसाठी आमच्या टीमची निवड झाली. मी बाहेर बसून पाहिली.

सांगायची गोष्ट ही, की ती रॅकेट वाईट नव्हती. उत्तम होती. फक्त माझी नव्हती.

आता जे लिहितोय ते मला कुणी दुकानात शिकवलं नाही. आमच्या कोर्टावर सकाळी एसटीतून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांची रॅकेट इतकी जुनी आहे, की फ्रेमवरचं नाव पुसलं गेलंय. आमच्या वयाच्या पोरांना ते जागेवरून न हलता पळवतात. मी कोपराला पट्टा बांधून बाकावर बसलेलो, तर म्हणाले, "बाळा, तू खेळतोस कसा, हे तुला माहितीये का?"

"म्हणजे काय काका, अटॅकिंग खेळतो मी."

"असं? मग बरा झालास की मोबाइल लाव त्या कोपऱ्यात. एक गेम शूट कर. आणि घरी जाऊन मोज."

मोजलं. तुम्हीही मोजा, फुकट आहे आणि यासारखा आरसा नाही. एका डबल्स गेममध्ये मी शटलला एकशे बारा वेळा रॅकेट लावली होती. त्यात स्मॅश होते अकरा. अकरापैकी चार नेटमध्ये, पाच परत आले, दोन पॉइंट मिळाले. म्हणजे ज्या दोन पॉइंटसाठी मी सहा महिन्यांचा स्टायपेंड घातला, ते एका गेममधले फक्त दोन पॉइंट होते. बाकी शंभर वेळा मी काय करत होतो? लिफ्ट, ड्राइव्ह, सर्व्हिस रिटर्न, नेटवर ढकलाढकली आणि समोरच्याचे स्मॅश कसेबसे परत टाकणं. स्वतःला 'अटॅकिंग प्लेयर' म्हणवणारा मी पक्का डिफेन्सवाला निघालो. थोडं वाईट वाटलं. मग हसू आलं.

माझं म्हणणं साधं आहे : 'कोणती रॅकेट घेऊ?' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न 'मी खेळतो कसा?' हा. आपण सगळे पहिला पेपर कोरा ठेवून थेट दुसरा सोडवायला बसतो.

आता दुसऱ्या पेपराकडे. घरात हातोडा असेल तर हातात घ्या. दांड्याला धरून फिरवा. सुरुवातीला जड जातो, पण जिथं बसतो तिथं दणका बसतो. आता उलटा धरा, लोखंड मुठीत आणि दांडा पुढे. सपासप फिरतो, पण दणका नाही. वजन तेच, तोल बदलला. हेड हेवी आणि हेड लाइट रॅकेटमध्ये हाच फरक आहे, फक्त तो काही ग्रॅम आणि मिलिमीटरांचा. मधली ती इव्हन बॅलन्स. दुकानातच बघता येतं : रॅकेट बोटावर आडवी तोलून धरा. मुठीच्या टोकापासून साधारण २९ सेंटीमीटरच्या आसपास तोल सापडला तर इव्हन समजा, त्याहून बराच वर गेला तर हेड हेवी, खाली आला तर हेड लाइट. मुठीवर दुसरी ग्रिप चढवली की तोल थोडा खाली सरकतो, हेही लक्षात असू द्या.

मुठीजवळ बारीक अक्षरांत '४यू जी५' असलं काहीतरी छापलेलं असतं. बहुतेक जण ते वाचतच नाहीत. योनेक्सच्या पद्धतीत ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. 'यू'चा आकडा वाढला की रॅकेट हलकी. 'जी'चा आकडा वाढला की मूठ बारीक. कंपनीगणिक खुणा थोड्या बदलतात, तेवढं विचारून घ्या. मुठीवरून आठवलं. आमच्या कोर्टावर बऱ्याच मुली दादाची जुनी रॅकेट घेऊन येतात. मूठ हातात मावत नाही, म्हणून घट्ट आवळून धरतात, मग मनगट वळत नाही, मग कुणीतरी ज्ञान देतं, 'मनगटानं खेळ!' अरे, वळायला जागा तरी द्या मनगटाला. बारीक मुठीवर ग्रिप चढवून ती जाड करता येते. जाड मूठ बारीक करायची तर जुनी ग्रिप पूर्ण काढून पातळ ओव्हरग्रिप लावून बघा, तेवढाच उपाय.

राहिली शाफ्ट, म्हणजे मधली दांडी. माझा घात तिनं केला. लवचीक शाफ्ट वेताच्या छडीसारखी मागे वाकते आणि परत येताना शटलला ढकलते, म्हणजे कमी वेगाच्या हातालाही थोडी मदत करते. कडक शाफ्ट मदत करत नाही. ती म्हणते, तू वेग आण, मी नेमकेपणा देते. हात तेवढा वेगानं फिरतच नसेल तर कडक शाफ्टचा फायदा शून्य आणि दणका सगळा कोपराला.

"पण स्मॅशसाठी हेड हेवी आणि कडकच लागते ना?" हे मला आजही रोज ऐकू येतं. त्यावर एक किस्सा. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीनं जपानमधल्या सोका इथं योनेक्सच्या कारखान्यातल्या जिममध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला. त्याआधी मलेशियाच्या तान बून हाँगचा २०१३ चा ४९३ किलोमीटरचा विक्रम होता, तो मोडला. गिनेस बुकात नोंद झाली. आणि हातात रॅकेट कुठली? नॅनोफ्लेअर १००० झेड. हेड लाइट!

थांबा, लगेच ती ऑर्डर करू नका. तिची शाफ्ट अतिशय कडक आहे. ती वाकवायला सात्त्विकचा खांदा लागतो, जो खोक्यात येत नाही. पण 'जड डोकं म्हणजे जोरदार स्मॅश' हे समीकरण इतकं सरळ नाही, एवढं तरी त्या एका फटक्यानं सांगितलं. शटलला वेग देतो तो रॅकेटच्या डोक्याचा वेग. जड डोकं तुम्ही तेवढ्याच वेगानं फिरवू शकलात तर फायदा. नाही फिरवता आलं तर ते नुसतं ओझं.

आणि याच सात्त्विकचा जोडीदार, मुंबईचा चिराग शेट्टी. या दोघांनी २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये सोनं आणलं आणि जागतिक क्रमवारीत पहिला नंबरही गाठला. त्यांची मॅच बघताना पुढच्या वेळी स्मॅश मारणाऱ्याकडे बघू नका. नेटजवळच्याकडे बघा. मागचा दणका देतो, समोरून शटल कसंबसं परत येतं आणि पुढचा ते अर्ध्या सेकंदात खाली दाबतो. तिथं डोकं जड असून चालत नाही, रॅकेट चटकन वर आली पाहिजे. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. योनेक्सनं अॅस्ट्रॉक्स ८८ नावाची जोडी काढली ती मुळात यासाठीच : '८८ डी' मागून हल्ला करणाऱ्यासाठी, '८८ एस' पुढे नेट सांभाळणाऱ्यासाठी. एकाच जोडीतल्या दोन माणसांना वेगवेगळी हत्यारं. मग आपल्या ग्रुपमधल्या आठही जणांकडे एकच मॉडेल कसं असतं, सांगा बरं?

आपल्याकडे तर बहुतेक खेळ डबल्सचाच. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल घ्या नाहीतर शहरात तासावर मिळणारं कुठलंही कोर्ट. एक कोर्ट, आठ जण, तासाचं भाडं वाटून घ्यायचं. अशात सिंगल्स कोण खेळू देतं? म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येतो तो पटापट ड्राइव्हचा आणि डिफेन्सचा खेळ. नवशिक्यानं किंवा माझ्यासारख्या मध्यमशिक्यानं ४यू, इव्हन किंवा किंचित हेड लाइट, मध्यम किंवा लवचीक शाफ्ट घेतली तर सहसा पस्तावणार नाही. चांगली ग्रॅफाइट रॅकेट दीड-दोन हजारांपासून मिळते. ज्याचा खांदा खरंच तयार आहे, जो मागून सतत हल्ला करतो आणि ज्याच्या व्हिडिओत ते दिसतं, त्यानं खुशाल हेड हेवी घ्यावी. माझं भांडण हेड हेवीशी नाहीच.

माझं भांडण आहे उरलेल्या पैशाशी. म्हणजे न उरलेल्या.

कारण पंधरा हजारांची रॅकेट घेणारा माणूस गटिंगला मात्र 'जे आहे ते मारून द्या' म्हणतो. अहो, शटलला रॅकेट लागतच नाही, गट्स लागतात! ताण २२-२४ पौंडांचा असेल तर गट्स ट्रॅम्पोलिनसारखे शटलला उसळी देतात आणि फटका मधोमध बसला नाही तरी सांभाळून घेतात. ताण वाढवत नेला की नेमकेपणा वाढतो, पण उसळी कमी होते आणि मधला नेमका भाग, तो स्वीट स्पॉट, लहान होतो. व्यावसायिक खेळाडू ३० पौंडांच्याही वर जातात, कारण त्यांचा फटका दर वेळी मधेच बसतो. आमच्याकडे एकानं '३० मारा' म्हणून सांगितलं. कारण काय, तर युट्यूबवर तेवढं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी फटका फ्रेमजवळ बसला आणि गट तुटला. गट्सची जाडीही बघा. बीजी ६५ सारखे ०.७० मिलिमीटरचे गट्स जास्त टिकतात, बीजी ६६ अल्टिमॅक्ससारखे ०.६५ चे उसळी छान देतात पण लवकर जातात. रोज खेळणाऱ्या विद्यार्थ्यानं काय घ्यावं, हे मी सांगायला हवं का?

आणि गट्स तुटले नाहीत म्हणजे चांगले आहेत, असंही नाही. ते रोज थोडे थोडे सैल होत जातात. आपल्याला कळत नाही, आपण म्हणतो 'आज फॉर्म नाही'. त्यात आपलं ऊन. रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवून दिवसभर ऑफिस करणाऱ्या मित्रांनो, ती डिकी मे महिन्यात भट्टी असते. गट्सचा ताण तिथंच उतरतो.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर शटलचंही सांगतो. लहानपणी आपण त्याला 'फूल' म्हणायचो आणि ते गल्लीत वाऱ्यानं कुठंही जायचं. कोर्टावरही ते हवेप्रमाणेच वागतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, त्यात उन्हाळ्यात चाळिशीपार तापमान. हवा विरळ झाली की शटल जोरात पळतं. सगळे टॉस बाहेर जायला लागतात आणि आपण रॅकेटला शिव्या देतो. नियमातच याची सोपी परीक्षा आहे : बेसलाइनवरून खालून वर, पूर्ण ताकदीनं, बाजूच्या रेषेला समांतर मारा. शटल समोरच्या बेसलाइनच्या ५३० ते ९९० मिलिमीटर आत पडलं पाहिजे. प्लास्टिकच्या शटलमध्ये टोपीवर पट्टी असते, त्यात हिरवी म्हणजे सावकाश, गरम हवेसाठी. निळी मधली. लाल थंड हवेची. आमच्या ग्रुपनं एक अख्खा उन्हाळा निळ्यावर काढला, कारण दुकानात तीच होती. पिसांचं शटल असेल तर कोरड्या हवेत पिसं कडकड मोडतात, म्हणून जुने खेळाडू डब्याला थोडी वाफ देतात. काका आदल्या रात्री देतात. त्यांचं एक शटल आमच्या दोनांइतकं चालतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, भारी रॅकेटनं आत्मविश्वास येतो, त्याचं काय? येतो. मला आला होता. पहिले आठ दिवस मी खरंच ताठ चालत होतो. तो खोटा नव्हता, पण दुसऱ्याच्या कोटातला होता.

नाहीतर नंदू नाटेकरांचं काय? सांगलीत जन्मलेला हा माणूस १९५६ मध्ये क्वालालंपूरला स्पर्धा जिंकून आला आणि आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव. हातात लाकडी रॅकेट, शंभर ग्रॅमच्या वरची, खेळून झाली की वाकू नये म्हणून लाकडी चौकटीत स्क्रूनं आवळून ठेवायची. 'हेड हेवी देऊ की हेड लाइट' असं त्यांना कोण विचारणार होतं? ते आजही ओळखले जातात त्यांच्या नजाकतीसाठी. आणि १९८० ची ऑल इंग्लंड फायनल. समोर इंडोनेशियाचा लीम स्वी किंग, उडी मारून स्मॅश ठोकण्यासाठी प्रसिद्ध. प्रकाश पदुकोण त्याच्याशी ताकदीत भिडायला गेलेच नाहीत. वेग काढून घेतला, हुलकावण्या दिल्या, त्याला हव्या त्या उंचीवर शटल मिळूच दिलं नाही. १५-३, १५-१०. त्यांना माहीत होतं आपण कसे खेळतो ते.

म्हणून दुकानदार दादांना एक विनंती. बजेट विचारा, जरूर विचारा, पण आधी 'कसं खेळता?' एवढं विचारा. दोन-तीन वेगवेगळ्या तोलाच्या रॅकेट गटिंग करून डेमोसाठी ठेवा, एक दिवस कोर्टावर नेऊ द्या. अनामत घ्या हवं तर. चपलासुद्धा आपण दोन पावलं चालून बघतो आणि पंधरा हजारांची रॅकेट नुसती हवेत फिरवून घेतो! आणि डेमो मिळेपर्यंत कोर्टावरच्या मित्रांच्या रॅकेट मागून खेळा. लाजू नका. एका महिन्यात पाच वेगवेगळ्या रॅकेट हातात आल्या, की तुमचा हात स्वतःच बोलायला लागतो. कोचसरांनाही सांगणं आहे : नव्या पोराच्या आईबाबांना पहिल्याच आठवड्यात महागड्या रॅकेटचं नाव लिहून देऊ नका. त्या पैशात त्या पोराचे शूज येतात, दोन-तीन वेळा गटिंग होतं आणि वर कोर्टाचे तासही निघतात.

माझ्या त्या काळ्या रॅकेटचं काय झालं, हे राहिलंच. आमच्या ग्रुपमध्ये एकजण आहे, सहा फुटी, खांदे दारात न मावणारे, कायम मागे उभा राहणारा. त्यानं एक दिवस ती मागून घेतली आणि पहिल्याच टॉसवर असा स्मॅश मारला की शेजारच्या कोर्टावरचे थांबून बघायला लागले. त्याला मी ती जवळजवळ अर्ध्या किमतीत दिली. उरलेल्यात ४यू, इव्हन, मध्यम शाफ्ट, २४ पौंडांचं गटिंग. आईनं बाकीचे पैसे मोजले आणि कूलरचं नाव पुन्हा काढलं. या वर्षी आणलाय.

आता दर रविवारी ती काळी रॅकेट नेटच्या पलीकडून माझ्यावरच स्मॅश मारते. परवा लागोपाठ तीन परत टाकले. चौथा पोटात बसला.